पोळीचा पिझ्झा आणि चिमूटभर मीठ

बुधवार हा आमच्या घरातला सगळ्यात अवघड वार. ऑफिस, लोकल आणि रिक्षाची रांग पार करून मी पावणेआठला घरात पाय ठेवते, तेव्हा मुलाचा क्लास नुकताच सुटलेला असतो, नवरा वाटेत असतो आणि सासूबाईंची बीपीची गोळी रात्रीच्या जेवणानंतरची असते. म्हणजे पाऊण तासात ताटं मांडली गेलीच पाहिजेत. गेल्या वर्षी आम्ही यावर सोपा उपाय शोधला होता. बुधवारी पिझ्झा मागवायचा! अर्ध्या तासात खोका दारात, भांडी घासायला नाहीत आणि मुलगा खूश. सासूबाई ‘मला एकच तुकडा पुरे’ म्हणत दोन खायच्या, तेही वर ओरेगॅनोची पुडी भुरभुरवून.

अशाच एका बुधवारनंतरच्या सकाळी त्यांच्या घोट्यांवर सूज दिसली. चपलेचा पट्टा बसेना. घरच्या यंत्रावर बीपी मोजलं तर 158/94. डॉक्टरांनी आधी धीर दिला. ‘एका आकड्यावरून काही ठरत नाही, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणा,’ असं म्हणाले. मग त्यांनी दोन दिवसांत काय काय खाल्लं ते विचारलं. पिझ्झा, त्याच्या आधी पाकिटातलं सूप, दुपारी वरणभातासोबत लिंबाचं लोणचं आणि दोन पापड, अशी यादी निघाली. डॉक्टर हसून म्हणाले, ‘आजी, गोळी बीपी खाली ओढतेय आणि तुम्ही मिठानं ते वर चढवताय. कोण जिंकणार?’

झालं! मी पिझ्झा बंद केला. पुढचे तीन बुधवार मुगाची खिचडी झाली. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून मुकाट्यानं जेवायचा. चौथ्या बुधवारी मी त्याच्यासाठी वेगळा छोटा पिझ्झा मागवला आणि आम्हा तिघांना खिचडी वाढली. सासूबाईंनी ताट पुढं घेतलं आणि म्हणाल्या, ‘माझ्या बीपीपायी पोराचा बुधवार कशाला मोडतेस? आणि मला असं बाजूला काढून वाढू नकोस गं. आजारी असल्यासारखं वाटतं.’

ते वाक्य मनाला लागलं. पथ्य म्हणजे वेगळं ताट, ही सवय आपल्या घराघरांत आहे. पण वेगळ्या ताटावरचं पथ्य फार दिवस टिकत नाही. चारही माणसांना एकत्र बसून खाता येईल, बीपीच्या माणसालाही चालेल आणि चाळीस मिनिटांत होईल असा पिझ्झा घरी जमेल का, याच्या मागे मी लागले. जमला. आणि तो करताना स्वयंपाकघरातलं बरंच विज्ञानही हाती लागलं.

मीठ लपतं कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. 2017-18 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतीयांचं सरासरी सेवन दिवसाला सुमारे 8 ग्रॅम निघालं होतं. आपण दीडपटीहून जास्त खातो, असा याचा सरळ अर्थ.

पाकिटांवर ‘मीठ’ लिहिलेलं नसतं, ‘सोडियम’ लिहिलेलं असतं. त्यामुळे गोंधळ होतो. हिशेब सोपा आहे. 1 ग्रॅम मिठात साधारण 400 मिलिग्रॅम सोडियम असतं. म्हणून 5 ग्रॅम मीठ म्हणजे 2000 मिलिग्रॅम सोडियम. हा 2000चा आकडा डोक्यात ठेवला की कुठलंही पाकीट वाचता येतं. एक खबरदारी मात्र घ्यायची. लेबलवर आकडे 100 ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, ते आधी पाहायचं. चीजच्या डब्यावरचं ‘एक वाढप’ अनेकदा 20 ग्रॅमचं असतं. पिझ्झ्यावर आपण त्याच्या दुप्पट सहज घालतो.

मीठ जास्त झालं की शरीर ते सौम्य करण्यासाठी पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांतला द्रव वाढतो आणि दाब वाढतो. तरुण मूत्रपिंडं जादा मीठ लवकर बाहेर टाकतात. वय वाढतं तसं हे काम मंदावतं, म्हणून त्याच पिझ्झ्यानं नातवाला काही होत नाही आणि आजीची चप्पल घट्ट होते. अर्थात पायाला सूज येण्याची कारणं अनेक असतात. हृदय, मूत्रपिंड, काही औषधं, यांपैकी काहीही असू शकतं. तेव्हा ‘मीठ झालं असेल’ म्हणून घरी बसू नये. आम्हीही तपासून घेतलं होतं.

पिझ्झ्यातल्या मिठाचं गंमतशीर वैशिष्ट्य म्हणजे ते एका जागी नसतं. थोडं बेसमध्ये, थोडं सॉसमध्ये, बरंचसं चीजमध्ये आणि उरलेलं वर भुरभुरवायच्या पुडीत. कुठलाच घास खारट लागत नाही, पण बेरीज मोठी होते. मग आम्ही एकेक थर घेऊन विचार केला.

पाया: पोळीच उत्तम

पिझ्झा म्हटलं की यीस्टनं फुगवलेला मैद्याचा गोळा डोळ्यांपुढे येतो. पण मुळात ही भाजलेल्या चपट्या भाकरीवर काहीतरी घालून खायची पद्धत. ‘पिझ्झा’ हा शब्द इटलीतल्या गाएता गावच्या इसवी सन 997च्या एका लॅटिन दस्तऐवजात सापडतो. तेव्हा इटलीत टोमॅटोच नव्हता. तो अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात आला. आपल्याकडे शेतावर भाकरीवरच पिठलं नि ठेचा घेऊन जेवतात, त्यात ताट आणि अन्न एकच असतं. कल्पना तीच.

सकाळच्या पोळ्या करताना आठ जास्त करून ठेवायच्या. घडीच्या नकोत, साध्या फुलक्यापेक्षा किंचित जाड, आणि कणकेत मीठ न घालता. बेसच्या थरातलं मीठ इथेच शून्यावर आलं. दुसरा फायदा चोथ्याचा. 100 ग्रॅम कणकेत साधारण 11 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर मैद्यात 3 ग्रॅमच्याही आत. बाजारात ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘व्हीट’ लिहिलेले तयार बेस मिळतात. घ्यायचेच असतील तर घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. पहिलंच नाव मैद्याचं असेल, तर पुढची नावं शोभेची.

सकाळची पोळी संध्याकाळी कडक का होते? पोळी भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून ओळीत बसू लागतात. जेवायला ही पोळी नकोशी वाटते, पण पिझ्झ्याला तीच हवी. ताजी मऊ पोळी सॉसचं पाणी पिऊन लिबलिबीत होते. जरा सुकलेली पोळी तव्यावर छान कुरकुरीत होते आणि वरचं वजन पेलते. शिळ्या पोळीतल्या अशा स्टार्चचा थोडा भाग हळू पचतो हेही खरं आहे. पण त्या जोरावर मधुमेह्यांनी दोनाच्या चार पोळ्या खाव्यात इतका तो फरक मोठा नाही. आणि पोळीवर बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तेवढा भाग काढून उरलेली वापरू नये. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसत नाहीत तिथवर पसरलेले असतात.

ज्वारीची भाकरीही चालते. ज्वारीत ग्लुटेन नसतं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि त्यावरच भाकरी थापता येते. तिला लवचीकपणा कमी, म्हणून घडी घालायला गेलं की तुटते. पिझ्झ्याला घडी घालायचीच नसते! ज्यांना गव्हाचं ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी हा उत्तम पर्याय, फक्त तवा आणि पोळपाट गव्हाच्या पिठापासून वेगळे हवेत. गोव्यात राहणाऱ्यांना तर पोई हाताशी आहे. कोंड्याची ती पोकळ पोई आडवी चिरली की दोन तयार बेस मिळतात. विकतच्या पोईत मीठ असतं, एवढं हिशेबात धरायचं.

सॉस: केचप बाजूला ठेवा

घाईत आपण सॉस म्हणून केचप फासतो. केचपमध्ये मीठ तर असतंच, शिवाय अनेक केचपांमध्ये 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमहून जास्त साखर असते. घरचा सॉस बारा-पंधरा मिनिटांत होतो, आणि रविवारी करून फ्रीजमध्ये ठेवला तर बुधवारपर्यंत चांगला राहतो.

आठ पोळ्यांसाठी अर्धा किलो लालबुंद, पिकलेले टोमॅटो घ्या. स्टीलच्या कढईत दोन चमचे तेल तापवून सहा-सात ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या परता, त्यावर चिरलेले टोमॅटो घाला. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर आटवा. टोमॅटोत 94 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते इथेच उडालं नाही तर पुढे पोळीत उतरणार. चमच्यानं कढईच्या तळाशी रेघ ओढली आणि ती पुन्हा भरून आली नाही, की सॉस तयार. साधारण वाटीभर होतो. लोखंडी कढईत हा सॉस आटवला तर टोमॅटोच्या आम्लामुळे लोह उतरतं. त्यात अपाय नाही, पण रंग काळपट होतो आणि धातूची चव येते.

टोमॅटोचा लाल रंग लायकोपिन नावाच्या द्रव्याचा. कच्च्या टोमॅटोत ते पेशींत अडकून असतं. शिजवल्यावर पेशी फुटतात, आणि लायकोपिन स्निग्ध पदार्थात विरघळणारं असल्यानं सोबत थोडं तेल असलं की शरीर ते अधिक शोषून घेतं. कोशिंबिरीपेक्षा तेलात आटवलेला सॉस इथे सरस ठरतो. कोशिंबीर सोडू नका, तिच्यातलं क जीवनसत्त्व शिजवल्यावर कमी होतं. दोन्ही हवं.

आता मीठ. पूर्ण सॉसमध्ये सपाट अर्धा छोटा चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. ‘आळणी लागेल’ अशी भीती मलाही होती. पण टोमॅटो आटला की त्यातलं नैसर्गिक ग्लुटामेट दाट होतं. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून हेच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. आटवलेला टोमॅटो, मुरलेलं चीज, मशरूम या तिन्हींत ही चव असते. ती भरपूर असली की कमी मिठातही पदार्थ भरल्यासारखा लागतो.

राहिली ओरेगॅनोची पुडी. तिच्या मागची बारीक अक्षरं वाचलीत तर घटकांत मीठही दिसेल. ‘ओरेगॅनो’ आणि ‘ओरेगॅनो सीझनिंग’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निव्वळ वाळलेली पानं असलेली बाटली घ्या. नाहीतर कुंडीतली ओव्याची पानं खुडा, ज्यांची आपण भजी करतो ती. त्यांच्या वासात कार्वाक्रोल असतं, आणि तेच ओरेगॅनोतही असतं. ओव्याच्या दाण्यांतल्या थायमॉलचाही ओरेगॅनोच्या वासात वाटा असतो. दोन पानं बारीक चिरून सॉसमध्ये घातली, तेव्हा मुलानं विचारलं, ‘आई, तू पुडी आणलीस?’ मी काही बोलले नाही.

चीज: ताणणारं, वितळणारं आणि न वितळणारं

पिझ्झ्यातलं सगळ्यात जास्त मीठ आणि स्निग्धांश याच थरात. म्हणून इथे निवड महत्त्वाची.

दुधातलं केसीन हे प्रथिन कॅल्शियमच्या साहाय्यानं एकमेकांना धरून असतं. मोझरेला करताना दही आंबू देतात आणि आम्लता नेमक्या बिंदूला आली की त्यातलं थोडं कॅल्शियम सुटतं. मग ते गरम पाण्यात मळून ताणतात, तेव्हा प्रथिनांचे लांब धागे तयार होतात. पिझ्झ्याचा घास तोडताना निघणाऱ्या तारा त्या धाग्यांच्या. इटलीतल्या कंपानिया प्रांतात हे चीज म्हशीच्या दुधापासून करायची जुनी परंपरा आहे. आपल्याकडच्या म्हशींच्या गोठ्यांशी तेवढंच नातं.

प्रोसेस्ड चीजच्या वड्यांत चीज वितळवून त्यात सोडियम सायट्रेट, सोडियम फॉस्फेट यांसारखे क्षार घालतात. ते कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून हे चीज एकसारखं गुळगुळीत वितळतं, पण तार धरत नाही. या क्षारांमुळे सोडियमही वाढतं. 100 ग्रॅम प्रोसेस्ड चीजमध्ये साधारण 1000 ते 1500 मिलिग्रॅम, तर मोझरेलात साधारण 400 ते 700 मिलिग्रॅम सोडियम असतं. ब्रँडनुसार फरक पडतो, म्हणून आपल्या पाकिटावरचा आकडा बघावा. लेबलवर ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द किंवा घटकांत वनस्पती तेल दिसलं, तर ते दुधाच्या स्निग्धांशाचं चीज नव्हे.

आणि पनीर? ते कितीही तापवा, वितळत नाही. उकळत आलेल्या दुधात लिंबू पिळल्यावर प्रथिनं घट्ट गोळा होऊन बसतात आणि कॅल्शियमही निवळीत निघून जातं. पण घरच्या पनीरमध्ये मीठ जवळपास नसतंच. म्हणून आमचा तोडगा असा: आठ पोळ्यांना मिळून 200 ग्रॅम मोझरेला, आणि आजीच्या पोळ्यांवर त्यातलं निम्मं मोझरेला नि निम्मं कुस्करलेलं पनीर. वरून तार निघते, आतून पनीर लागतं, आणि ताट वेगळं दिसत नाही.

200 ग्रॅम चीज चौघांत म्हणजे माणशी 50 ग्रॅम. त्यातून 6-7 ग्रॅम संपृक्त स्निग्धांश मिळतो. 2000 कॅलरींच्या आहारात तो दिवसाला 22 ग्रॅमच्या आत असावा असा सल्ला आहे. एका जेवणापुरतं हे बसतं, फक्त त्या दिवशी वर लोणी फासायचं नाही. जमेच्या बाजूला दोन पोळ्या आणि हे चीज मिळून 16-17 ग्रॅम प्रथिनं मिळतात. वरणभाताच्या ताटापेक्षा ही कमी नाहीत.

भाज्या आधी परता

घरचा पिझ्झा ओला का होतो, याचं उत्तर भाज्यांत आहे. सिमला मिरची आणि मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, कांद्यातही त्याच्या जवळपास. पदार्थात मोकळं पाणी आहे तोवर त्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. आणि खमंग तांबूस रंग आणणाऱ्या रासायनिक क्रियेला साधारण 140 अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणजे पाणी गेल्याशिवाय खमंगपणा येत नाही. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तापमान 430 ते 480 अंश असतं, तिथे पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो आणि पाण्याला सुटायला वेळच मिळत नाही. नेपल्सच्या या कारागिरीचा युनेस्कोनं 2017 मध्ये वारसा यादीत समावेश केला. आपल्याकडे गॅस आणि तवा आहे, तेव्हा युक्ती वेगळी करायची.

एक कांदा, एक सिमला मिरची, पाच-सहा मशरूम किंवा मक्याचे दाणे असं जे असेल ते चमचाभर तेलावर मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता. झाकण नाही, आणि मीठही नाही. मीठ घातलं की पेशींतलं पाणी बाहेर येतं आणि भाजी परतण्याऐवजी शिजू लागते. पालक, मेथी अशी पालेभाजीही थोडी परतून चालते. मुलं ताटात बाजूला सारतात ती भाजी चीजखाली निमूट खातात, हा सगळ्या घरांतला अनुभव असावा.

तव्याचं काम

आता पाच मिनिटांचा खेळ. दोन तवे दोन शेगड्यांवर ठेवा.

पोळी मध्यम आचेवर एका बाजूनं कडक होईपर्यंत भाजा. खाली काढून उलटा. भाजलेली बाजू वर आली पाहिजे, कारण सॉस तिच्यावर जाणार आहे आणि सुकलेली बाजू पाणी लवकर पीत नाही. त्यावर मोठा चमचाभर सॉस पातळ पसरा, कडेला बोटभर जागा सोडून. मग भाज्या, मग किसलेलं चीज. चीज फ्रीजमधून काढल्या काढल्या किसलं तर किसणीला चिकटत नाही.

आता तवा मंद आचेवर आणा, पोळी ठेवा आणि वर झाकण. तव्याची उष्णता फक्त खालून येते. झाकणाखाली अडकलेली वाफ वरून उष्णता देते आणि साधारण 60 अंशांच्या आसपास चीज सैल होऊन पसरू लागतं. तीन मिनिटांनी झाकण काढा, नाहीतर वाफेचे थेंब परत पोळीवर पडतील. शेवटचा एक मिनिट उघड्यावर राहू द्या. कडा कुरकुरीत झाली आणि पोळी तव्यावर सहज सरकली, की झाला पिझ्झा. सुरीऐवजी कात्रीनं कापला तर वरचं सरकत नाही. ही युक्ती सासूबाईंची. ओव्हन असलेल्यांनी 220 ते 250 अंशांवर चांगला तापवून पाच-सहा मिनिटं ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र पोळी आधी मऊ आणि मग चामड्यासारखी चिवट होते.

दोन तव्यांवर आठ पोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सॉस आधीचा असेल, तर पावणेआठला घरात शिरलेली बाई साडेआठच्या आत ताटं मांडते. जोडीला काकडी-गाजराची दह्यातली कोशिंबीर, मीठ न घालता, फक्त जिऱ्याची पूड आणि लिंबू पिळून.

शेवटी हिशेब

आता बेरीज करू. आमच्या एका पोळीवर 25 ग्रॅम मोझरेला. 100 ग्रॅममागे 600 मिलिग्रॅम धरलं तर 150 मिलिग्रॅम सोडियम. सॉसमधल्या अडीच ग्रॅम मिठाचं सुमारे 1000 मिलिग्रॅम सोडियम आठ पोळ्यांत वाटलं की प्रत्येकी 125. पोळीत शून्य. एका पिझ्झ्यात 275, दोनात 550. दिवसाच्या 2000 पैकी साधारण पाव भाग.

हीच पोळी, पण तेवढंच प्रोसेस्ड चीज आणि 25 ग्रॅम केचप घेतलं तर? 100 ग्रॅममागे चीजचे 1300 आणि केचपचे 1000 मिलिग्रॅम धरले, तरी एका पिझ्झ्यात 575, दोनात 1150. वरची पुडी अजून मोजलेली नाही. पोळी तीच, तवा तोच, वेळ तेवढाच. फक्त दोन वस्तू बदलल्या आणि मीठ दुप्पट झालं. आजीच्या पनीर घातलेल्या दोन पोळ्यांत तर सगळं मिळून 400 मिलिग्रॅमच्या आसपासच भरतं.

एका गोष्टीबाबत सावध करायला हवं. कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 मध्ये घरगुती वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातून वगळलं. बीपीच्या काही गोळ्यांमुळेही रक्तातलं पोटॅशियम वाढतं. म्हणून घरात बीपीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ आणू नका. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना नको म्हणून सांगितलं. नेहमीचंच मीठ, पण कमी, हा सगळ्यांना चालणारा मार्ग.

आणि कमी मिठाची चव लागते. सुरुवातीला सगळं फिकं वाटतं, पण काही आठवड्यांत जीभ सरावते. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या बुधवारनंतर टेबलावरची मिठाची वाटी कुणी मागेनासं झालं. मध्यंतरी एका वाढदिवसाला बाहेरचा पिझ्झा खाल्ला, तेव्हा मुलगाच पाणी पीत म्हणाला, ‘आई, हा केवढा खारट आहे!’

सासूबाईंचं बीपी एकट्या पिझ्झ्यानं उतरलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला, पापड आठवड्यातून एकदाच आला, लोणच्याची बरणी वरच्या फडताळात गेली आणि त्या रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात अर्धा तास चालू लागल्या. या सगळ्याचं मिळून आता वहीतले आकडे बहुतेक वेळा 130च्या घरात असतात. गुरुवारी सकाळी चप्पल नीट बसते.

बुधवारी मात्र आता मी तव्याजवळ एकटी नसते. मुलगा चीज किसतो आणि किसता किसता निम्मं खातो, नवरा कांदा चिरतो. सासूबाई खुर्ची ओढून ओट्याजवळ बसतात आणि सॉस फासायचं काम कुणाला देत नाहीत. परवा त्यांनी एका पोळीवर चीजच्या आधी लसणीची चटणी पसरली, कूट आणि तिखट घातलेली, मीठ न घातलेली. ‘ही माझी,’ म्हणाल्या. पहिला तुकडा नातवानं पळवला. दुसराही त्यानंच पळवला. शेवटी त्या म्हणाल्या, ‘पुढच्या बुधवारी दहा पोळ्या कर.’